चादरीच्या काठावरची नावं

यानाचं खरं नाव ‘अर्कदूत’. हे नाव ठरवायला संस्थेच्या तीन सभा गेल्या आणि ते ठरल्यापासून आजवर सोलापुरात कुणी ते उच्चारल्याचं ऐकिवात नाही. सगळे त्याला चादर म्हणतात. त्यात चूकही नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे, आपल्यापासून वीस लाख किलोमीटरवर, शंभर मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी एक चकचकीत चादर उन्हात वाळत घातल्यासारखी ताणून उभी आहे. चार कोपऱ्यांना चार काठ्या, मध्यावरून सूर्याच्या बाजूला निघालेली एक दांडी, दांडीच्या टोकाला एक डबा. एवढाच संसार.

चादरीचं काम चौकीदाराचं. सूर्यावर वादळ उठलं की त्याचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळतो आणि वीजकेंद्रं बंद पडतात. तो आधी चादरीला लागतो, चादर ओरडते, आणि खाली माणसं बटणं बंद करतात. चौकीदार जितका पुढे उभा, तितकी सवड जास्त. पण फार पुढे उभं राहिलं तर सूर्य स्वतःकडे ओढतो. साध्या यानाला तिथं ठरून राहायला सारखं इंधन जाळावं लागतं. चादरीला लागत नाही. तिला ऊनच मागे ढकलत राहतं.

उन्हाला धक्का असतो, हे आपल्याला पटत नाही, कारण दारात उभं राहून कुणी उन्हानं पडल्याचं आपण पाहिलेलं नाही. धक्का फारच बारीक असतो. एवढ्या अवाढव्य चादरीवर पडणाऱ्या सगळ्या उन्हाचा जोर तळहातावर ठेवलेल्या दहाच्या नाण्याएवढा. पण तो कधी थांबत नाही, जेवायला जात नाही, रजा मागत नाही. ज्याला तिथं वारा आडवा येत नाही, त्याला तेवढं पुष्कळ होतं.

ही चादर सोलापूरच्या पूर्वभाग चादर उत्पादक सहकारी संस्थेनं विणली. केसाहून कितीतरी पातळ अशा चकचकीत पापुद्र्याला मागून आधार म्हणून सुताची जाळी लागते आणि ती जाळी न तुटता विणणारे माग जगात थोडेच उरलेत. संस्थेनं जुन्या टॉवेल डेपोच्या माडीवर नियंत्रण कक्ष काढला. वर यान, खाली टॉवेल. डेपोचा जिना दोघांना सामाईक असल्यामुळे दिवसातून चारदा कुणीतरी वर येऊन विचारायचं, “डबलबेड आहे का?”

“खाली,” असं मान वर न करता सांगणारी बाई म्हणजे लावण्या कोडम. चादरीचा तोल सांभाळणारी मुख्य इंजिनियर. आयुष्याची अकरा वर्षं तिनं या चादरीत घातली होती. बाकी आयुष्य घालायला अजून बाकी होतं, पण ते चेअरमन सिद्धाराम हलकुडे हळूहळू संपवत आणत होते.

सुरुवात झाली ती चादर अवकाशात उलगडली त्या सकाळी. पहिला फोटो आला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. लावण्यानं पेढा तोंडात टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि पेढा गालात तसाच राहिला. चादरीच्या एका काठावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्याभोर अक्षरांत नावं होती.

“चेअरमनसाहेब,” ती म्हणाली, “नावं चारी काठांवर सारखी वाटायची ठरली होती ना? फिकट राखाडी? वीतभर अक्षरात?”

“ठरली होती की,” हलकुडे म्हणाले.

“मग?”

“कॅमेऱ्यात एकच काठ दिसतो मॅडम. बाकीच्या तीन काठांवरच्या देणगीदारांनी काय पाप केलंय?”

“आणि काळी का?”

“राखाडी वाचताच येईनात. मी चष्मा लावून बघितलो.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही बंगळूरला गेला होता. आणि आम्ही काय डोळे मिटून केलं होय? सगळ्या शाईचं वजन करून घेतलं. अर्धा किलोसुद्धा भरली नाही. एवढ्यानं काय होतंय?”

इथं हलकुड्यांची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव असतं, त्यामुळे पंखा चालू असेपर्यंत दाता अज्ञात राहतो. ट्यूबलाइटवर नाव इतकं ठळक रंगवतात की उजेडाला बाहेर यायला वाट शोधावी लागते. ज्या समाजानं उजेडाची एवढी अडवणूक पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्याला ऊन तेवढं मनावर घेईल, असं वाटलंच नाही. शिवाय सोलापुरात काठावर नाव नसलेली चादर म्हणजे चोरीचा माल.

लावण्यानं गालातला पेढा गिळला आणि शांतपणे समजावलं. तेव्हा ती अजून शांतपणे समजावत असे.

“भिंतीवर चेंडू मारला की तो उलटा येतो. भिंतीला येताना एक धक्का, परत जाताना एक. शेणाचा गोळा मारला तर?”

“चिकटतो.”

“म्हणजे धक्का एकच. चकचकीत चादरीवरून ऊन चेंडूसारखं उलटतं. काळ्या शाईत ते शेणासारखं चिकटतं. तुमच्या नावांच्या काठाला धक्का निम्मा, समोरच्या काठाला पुरा. आता दाराच्या एकाच बाजूला ढकललं तर दार काय करतं?”

“उघडतं,” हलकुडे म्हणाले, आणि थोडा विचार करून म्हणाले, “मग तुमच्या त्या पट्ट्या आहेत की.”

पट्ट्या होत्या. चादर वळवायला वल्हं नाही, सुकाणू नाही. चारी काठांना खास पट्ट्या लावलेल्या होत्या. वीज दिली की त्या आरशासारख्या, वीज काढली की दुधी. दुधी पट्टीवर ऊन विस्कटतं, धक्का कमी बसतो. डावीकडच्या दुधी केल्या की चादर एका अंगानं वळते, उजवीकडच्या केल्या की दुसऱ्या. उन्हालाच लगाम घालून उन्हावर स्वार व्हायचं. पण आता समोरच्या काठाच्या निम्म्या पट्ट्या नावांचा तोल भरून काढण्यात पहिल्या दिवशीच खर्च झाल्या. मोटरसायकलचं हँडल सारखं डावीकडे ओढत असावं आणि दोन्ही हातांनी उजवीकडे रेटत चालवावी, तसं लावण्याचं झालं.

काठावर सगळ्यात मोठी ओळ कोपऱ्यात होती. चादरीची घडी घातली की कोपराच वर येतो, म्हणून तिथं मान. अक्षरं पुरुषभर उंचीची. ‘कै. सौ. अंबव्वा राजेशम सादूल यांच्या स्मरणार्थ.’ आणि कोपरा म्हणजे मध्यापासून सगळ्यात लांब. तराजूच्या दांडीच्या अगदी टोकाला वजन टांगावं, तसं.

अंबव्वा ही लावण्याची मामी. आईबाप गेल्यावर लावण्या ज्या घरात वाढली, जिथं अजून राहते, ते घर राजेशममामांचं.

*

वर्षभर तिनं रेटून धरलं. मग शाईनं दुसरा खेळ सुरू केला. काळं ऊन पितं, तापतं. तापून अक्षरांभोवतीचा पापुद्रा आक्रसला, सुरकुत्या पडल्या, आणि त्या काठाला बसणारा धक्का आणखी कमी झाला. संक्रांतीच्या सुमारास समोरच्या काठाची शेवटची पट्टीही दुधी झाली. आता रेटायला हात उरला नाही. चादर फिरायला लागली. सावकाश, गोगलगायीलाही घाई वाटेल अशी. पण फिरता फिरता तिची कड सूर्याकडे आली की उन्हाला ढकलायला काही उरणार नव्हतं आणि मग चादर सूर्याकडे चालू लागली असती. तिथून परत बोलावायची सोय नाही.

लावण्या हलकुड्यांच्या केबिनमध्ये गेली.

“उपाय सापडलाय.”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” हलकुडे म्हणाले. त्यांनी काय म्हटलं नव्हतं ते तिनं विचारलं नाही.

“दांडी फिरवायची. तुम्ही खर्च वाचवायला कॅमेरा, बॅटऱ्या, संदेशयंत्र सगळं एकाच डब्यात कोंबलंत. चादरीच्या मानानं तो डबा जड आहे. आणि नावं फोटोत यावीत म्हणून दांडी नावांच्या काठाकडे कलती बसवलीत. म्हणजे वजन या बाजूला आणि धक्का त्या बाजूला. माणसाचा एक हात धरून ठेवायचा आणि दुसऱ्या खांद्याला ढकलायचं, तो गोल फिरणार नाही तर काय करेल? दांडी घड्याळाच्या काट्यासारखी पलीकडे नेली की वजन धक्क्याच्या बाजूला जातं. तोल बसला.”

“आणि नावं?”

“राहतील. एक अक्षर जाणार नाही.”

“मग फिरवा की. विचारता काय?”

“कॅमेरा डब्याला पक्का बसवलाय. डब्याबरोबर तोही फिरणार. फोटोत पलीकडचा कोरा काठ दिसेल.”

हलकुड्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “म्हणजे नावं असणार, पण दिसणार नाहीत.”

“हो.”

“मग ती नावं कशी, मॅडम?”

लावण्यानं डोळे मिटून घेतले. हा प्रश्न कुठल्याही विद्यापीठात तिला कुणी विचारला नव्हता.

“परत नंतर इकडं वळवता येईल का?”

“मोटर दांडी एकदा उघडण्यापुरती होती. तुम्हीच स्वस्तातली घेतलीत. तिच्यात आणखी एक फेरा आहे. एकच.”

“मग सभा लागेल. कॅमेरा संस्थेचा नाही, देणगीदारांचा आहे, तसा ठराव आहे. आणि खरं सांगू का, राजेशम अण्णांनी मान हलवली नाही तर एक हात वर होणार नाही. मीसुद्धा करणार नाही. त्यांनी निम्मा कारखाना विकून पैसे दिलेत. तुम्ही घरातल्या आहात. बघा बोलून.”

बटण लावण्याच्याच टेबलावर होतं. दाबायला कुणाची मान लागत नव्हती. पण संध्याकाळी जेवायला त्याच घरी जायचं होतं.

*

मामांच्या घराला लागूनच असलेल्या कारखान्यात पूर्वी आठ माग होते, आता चार. विकलेल्या चारांच्या रिकाम्या जागी भिंतीवर एक पडदा लावलेला. रोज दुपारी चादरीचा ताजा फोटो तिथं येई आणि मामा त्याच्यासमोर पाटावर बसून जेवत. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. या घरात प्रेम तेलुगूत चालतं, व्यवहार मराठीत आणि भांडण दोन्हींत. दुसऱ्या दिवशी दुपारी लावण्या मराठीत बोलायला लागली, तेव्हाच मामा सावध झाले.

तिनं सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

“न्हाई,” ते म्हणाले.

“मामा, नाव पुसत नाही.”

“दिसणार न्हाई म्हणजे पुसल्यासारखंच की.”

“चादर गेली तर नावही जाईल.”

“जाऊ दे. दिसत दिसत जाईल ना?”

लावण्याच्या हाताखालची सगळी गणितं बरोबर होती आणि एकही उपयोगी नव्हतं.

“खाली किती गावांची वीज त्या चादरीच्या भरवशावर आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

“तू सांगितलीस की मागं. दवाखाने, पाणी, समदं.” मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मी न्हाई म्हणालो ते वाईटच म्हणालो. पर न्हाई.”

मग मामांनीच विचारलं. “तुझी मामी काय काम करत होती?”

“पुठ्ठे पाडायची.”

काठावर नाव विणायचं तर मागाला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून सांगावं लागतं. एक भोक चुकलं की अक्षर वाकडं. अंबव्वाचा हात त्यात बसलेला होता.

“आमदाराचं नाव पाडली. लग्नातल्या आहेराची पाडली. त्या हलकुड्याच्या बापाचं पाडली. चाळीस वर्षं दुसऱ्याची नावं काठावर घातली. मी म्हणालो, तुझं एकदा घाल की. तर म्हणाली, सूत वाया जातंय.” मामा पडद्याकडे बघत होते. “आता घातलोय, तर तू म्हणतीस कॅमेरा फिरवते.”

लावण्यानं ताट उचललं आणि मोरीत जरा जोरात ठेवलं. परत आली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण ती इंजिनियर होती, पुरावा जोडायची सवय जात नाही. तिनं पडद्यावरचा फोटो बोटांनी मोठा केला, इतका की भिंतभर एकच अक्षर राहिलं. अंबव्वातलं ‘अं’.

“हे बघा. यासाठी म्हणतेय. शाई तापते आणि—”

मामा पाटावरून उठले. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. अक्षराभोवती पापुद्रा चुण्या पडून गोळा झालेला. सरळ काठ तिथं आत खेचला गेलेला, आणि त्यामुळे शेजारचं सगळं अंग तिरपं ताणलेलं.

“काठ आखडलाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“हो.”

“कधीपासनं?”

“दिवाळीच्या आधीपासून. रोज थोडा थोडा.”

“मला लांबनं दिसलंच न्हाई. रोज बघालोय आणि दिसलं न्हाई.”

त्यांनी चुणीवरून अंगठा फिरवला, जणू दाबली तर सपाट होईल. काच होती ती. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि मागांकडे निघून गेले. ना हो म्हणाले, ना नाही. लावण्या दात आवळून ऑफिसला परत गेली. जिन्यात एका गृहस्थांनी विचारलं, “नॅपकिन?”

“खाली,” ती म्हणाली. ते खालूनच आले होते.

*

सभेला सगळे देणगीदार हजर होते. हलकुड्यांनी विषय मांडला आणि लोक सूचना करू लागले. एक म्हणाले, दांडी आळीपाळीनं फिरवा. सहा महिने आमचा काठ, सहा महिने कोरा. लावण्यानं मोटरीचं सांगितलं. दुसरे म्हणाले, कोऱ्या काठावर आता नवीन नावं रंगवून घ्या, तोलही होईल. लावण्यानं विचारलं, रंगवायला कोण जाणार? त्यावर रंगाऱ्याचं नाव सुचवण्यात आलं. तिसऱ्यांनी कॅमेऱ्याला आरसा लावा म्हटलं. चौथ्यांचं म्हणणं एवढंच, की माझं नाव छोटं आहे, मी काही चादर फिरवलेली नाही, ज्यांची अक्षरं मोठी त्यांनी बघावं.

सगळ्यांच्या माना राजेशममामांकडे वळल्या. लावण्या समोर बघत राहिली. तिनं अर्ध्या मिनिटापूर्वी पेन्सिल मोडली होती आणि दोन्ही तुकडे तिच्या दोन मुठींत होते.

मामा उठले. धोतराचा सोगा सारखा केला.

“काठ आखडलाय,” ते म्हणाले. “मी जवळनं बघितलो. अंबव्वानं असला काठ माझ्या कारखान्यातनं कधी बाहेर जाऊ दिला न्हाई. आमदाराचं नाव असलं तरी उसवायची. रात्रंदिवस बसून पुन्हा घालायची.” त्यांनी लावण्याकडे बोट केलं. “इथनं उसवता येत न्हाई म्हणते ही पोरगी. मग निदान ताण तरी काढा. फिरवा.”

सगळे हात वर झाले. हलकुड्यांचा सगळ्यात आधी, ते तत्त्वाचा प्रश्न म्हणून.

“फक्त फिरताना मला बघायचंय,” मामा म्हणाले आणि बसले.

*

बघायचं सगळ्यांनाच होतं. त्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. लावण्यानं बटण दाबलं. हुकूम तिकडे पोचायला सहा-सात सेकंद, पोचल्याची बातमी परत यायला तेवढेच. मग दांडी हलली.

फोटोमागून फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोत काठ थोडा सरकलेला. नावं डावीकडून एकेक करत चौकटीबाहेर जायला लागली. ज्याचं नाव गेलं तो देणगीदार उठायचा, लावण्याला नमस्कार करायचा आणि जिना उतरायचा. चौथ्या सभासदाचं छोटं नाव एका फोटोत होतं, पुढच्यात नव्हतं. ते जरा थांबले, पुन्हा येतंय का बघितलं आणि गेले. खोली रिकामी होत चालली. शेवटी पडद्यावर एकच ओळ राहिली आणि खोलीत तिघं.

इकडे समोरच्या काठाच्या पट्ट्या मोकळ्या होत होत्या. वर्षभर दुधी होऊन बसलेल्या एकेका पट्टीला सुट्टी मिळत होती आणि ती आरशासारखी लखलखत होती. चादरीचं फिरणं मंदावलं. थांबलं. लावण्यानं आकडे दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना ते थोडे धूसर दिसले, म्हणून तिनं डोळे पुसून चौथ्यांदा पाहिले. तोल बसला होता.

‘कै. सौ.’ गेलं होतं. ‘अंबव्वा’ गेलं होतं. ‘राजेशम सादूल’ गेलं, ‘यांच्या’ गेलं. पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, कोऱ्या चकचकीत काठाला लागून, एकच शब्द उरला होता. ‘स्मरणार्थ’.

तिनं दांडी थांबवली.

“मॅडम,” हलकुडे म्हणाले, “ठरावात पूर्ण फिरवायचं होतं. मोजून बसवलेला आकडा होता.”

“मोटरचा दम संपला,” लावण्या म्हणाली.

मोटरचा दम संपला होता की नाही, हे मोटरलाच ठाऊक. चादर सरळ उभी होती आणि त्यानंतर आजवर सरळच उभी आहे. पुढच्याच महिन्यात सूर्यावर मोठं वादळ उठलं तेव्हा ती वेळेवर ओरडली. सोलापुरात त्या संध्याकाळी वीज ठरवून बंद केली गेली, ठरवून चालू केली गेली, आणि वीज गेली म्हणून लोकांनी संस्थेला नेहमीप्रमाणे शिव्या दिल्या.

पण त्या दिवशी माडीवर हलकुडे पडद्याजवळ जाऊन मान वाकडी करून पाहत होते. त्यांना ते पटत नव्हतं.

“हे काही बरोबर दिसत नाही अण्णा,” ते म्हणाले. “नुसतं ‘स्मरणार्थ’. वाचणाऱ्याला कळायचं कसं, कुणाच्या?”

मामांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“मला कळालंय की,” ते म्हणाले.